नसलेली खिंड

जिन्याची शेवटची पायरी उतरायला त्याने पाय टाकला आणि पायरी तिथे नव्हतीच. जमीन वर आली होती. पाय अजून खाली जाणार म्हणून गुडघ्याने दिलेली ढील वाया गेली, टाच फरशीवर आपटली, दातांवर दात वाजले आणि तो आवाज बाहेरून न येता थेट कवटीत घुमला. पडलो नाही, हातातला डबा सुटला नाही, कुणी पाहिलंही नाही, असं मनाशी म्हणत तो शर्ट सारखा करत होता, तोच तळमजल्यावरच्या मावशींनी आपल्या दारातल्या खुर्चीवरून कळवलं की पायरी गेली, नव्या फरशीखाली. गेले कित्येक दिवस हा पुढचा जिना बंद होता. खाली फरशी बसवायचं काम चाललं होतं आणि सगळी बिऱ्हाडं मागच्या लोखंडी जिन्याने ये-जा करत होती. आज सकाळी आडव्या लावलेल्या फळ्या निघाल्या होत्या. जुनी फरशी उखडायचा त्रास कोण घेतो, म्हणून गवंड्याने तिच्यावरच नवा थर चढवला होता आणि त्या थराने शेवटची पायरी गिळून टाकली होती. मग एखादी पाटी तरी लावायची, असं तो म्हणाला. "पाटी लावली असती तर मी सकाळपासून काय बघत बसले असते?" मावशी म्हणाल्या. "येणारा प्रत्येक जण इथेच दचकतो. दात मात्र तुमचेच वाजले."

तो हसला. मावशींच्या तोंडी लागण्यात अर्थ नव्हता, आणि दात वाजले होते हे तर खरंच होतं. पण रस्त्यावर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण चालत नाही, चाचपतोय. फुटपाथची कड, गटारावरचं लोखंडी झाकण, बेकरीपुढचा उतार, रोजच्या या साध्या गोष्टींवरचा पायांचा विश्वास उडाला होता. इतकी वर्षं जिना उतरताना त्याने खाली म्हणून पाहिलं नव्हतं. डोळे पेपरात नाही तर शर्टाच्या बटणात असायचे आणि पाय आपलं पाठ केलेलं म्हणत खाली जायचे. पाठांतराचं असंच असतं, चुकेपर्यंत ते पाठांतर आहे हेही आठवत नाही. कोपऱ्यावरचा चांभार टाचेला खिळे ठोकत होता. त्याची ठकठक ऐकताना आपले दात पुन्हा वाजताहेत असं त्याला वाटलं, आणि त्या ठकठकीबरोबरच कालपासून मनाच्या तळाशी बसलेली दुसरी एक गोष्ट हलून वर आली. काल संध्याकाळी बायको त्याच्याशी फार गोड वागली होती.

ती दीड महिन्यांनी जहाजावरून परत आली होती. एरवी ती आली की तासाभरात घराचा पंचनामा व्हायचा. कुंड्या वाळल्या, किटलीचं बूड काळं पडलं, टॉवेलाला बुरशीचा वास येतो, आणि हे घर आहे की गोदाम. तिचा आवाज घरात असा फिरून आला की मगच ती घरी आल्यासारखी वाटायची. काल मात्र खांद्यावरची अवजड बॅग तिने हळूच खाली ठेवली, त्याने करपवलेली भाजी दुसऱ्यांदा वाढून घेतली आणि जिच्यावरून त्यांचं लग्नापासून भांडण होतं ती पलंगाची खिडकीकडची बाजू आपण होऊन त्याला देऊन टाकली. पुढच्या महिन्यात दोघांनी जायचं म्हणून त्याने तळ्याकाठचं एक छोटं घर ठरवलं होतं, त्याचा फोटो तिने बराच वेळ हातात धरून ठेवला आणि खिडकी किती छान आहे असं म्हटलं. टोमणा एकही नाही. अख्खी संध्याकाळ टोमण्याविना, असं आजवर दोनदाच झालं होतं. एकदा त्याचे वडील गेले तेव्हा, आणि एकदा ती त्याची आवडती छत्री बसमध्ये विसरून आली तेव्हा. वडील आता पुन्हा जाऊ शकत नव्हते आणि छत्री दारामागे टांगलेली त्याने सकाळीच पाहिली होती. म्हणजे तिसरंच काहीतरी गेलं होतं. काय गेलं असेल याचा अंदाज त्याला होता आणि तो मनातल्या मनात उच्चारायलाही त्याला नको होता. विचारायची सोय नव्हती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी, त्याने चहाच्या कपात चमचा फिरवून पाहुण्यांना भोवरे दाखवले आणि पांढऱ्या टेबलक्लॉथचं वाटोळं केलं तेव्हा, तिने नियम करून टाकला होता. चपला काढल्या की समुद्र दाराबाहेर. तो नियम दोघांनी आजतागायत पाळला होता. दोघं एकाच संस्थेत होती. ती समुद्राचा तळ मोजायची आणि त्या तळावरून पाणी कसं वाहत असेल याचं गणित तो करायचा. ती भांडं मोजते, मी पाणी ओततो, असं तो पाहुण्यांना सांगायचा. पाहुणे गेल्यावर ती म्हणायची, भांडं न बघताच ओततोस.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. भांडं कुणीच बघितलं नव्हतं. किनाऱ्यापासून फार दूर, खोल समुद्रात, पाण्याच्या वर तोंडही न काढलेले दोन डोंगर शेजारी शेजारी उभे होते आणि त्यांच्यामध्ये एक खोल खिंड होती. निदान नकाशात तरी होती. तो नोकरीत नवा होता तेव्हा त्याने त्या नकाशावर आपलं गणित चालवलं आणि पडद्यावर दोन निळ्या डागांच्या मधोमध एक लाल जीभ उमटली. एवढं थोरलं पाणी त्या फटीत शिरताना आकसतं आणि दुप्पट वेगाने पलीकडे निघतं, असं गणित सांगत होतं. त्याचा लेख झाला, लेखाचा गवगवा झाला, परदेशची माणसं त्याला पत्रं पाठवू लागली आणि संस्थेत त्याचं नाव खिंडवाले पडलं. पुढे कँटीनवालासुद्धा खिंडवाल्यांचा चहा म्हणून हाक मारू लागला. त्याला हे नाव आवडायचं. कुणाच्या नावावर जमीन असते, कुणाच्या नावावर दुकान असतं, आपल्या नावावर एक खिंड आहे, आणि तीही अशी की तिथे कुणी अतिक्रमण करू शकत नाही. ती लाल जीभ पहिल्यांदा उमटली त्या दुपारी तो पडद्याचा छापील कागद घेऊन धावत मोजणी विभागात गेला होता. तिथे नुकतीच रुजू झालेली एक मुलगी पेन्सिलीला टोक काढत बसली होती. तिने कागद उभा धरला, आडवा धरला. मग विचारलं की या दोन डोंगरांच्या मध्ये कुणी गेलंय का? तो म्हणाला, दोन जहाजं त्या भागातून गेली, एकाला हा सापडला, दुसऱ्याला तो. मध्ये म्हणून कुणी गेलं नाही, पण मध्ये खिंड असणारच. ती म्हणाली, दोन्ही अगदी सारखे दिसतात, जुळे आहेत का? निसर्गात जुळे असतात, असं तो छाती पुढे काढून म्हणाला होता. त्या उत्तरावर ती इतकी हसली की पेन्सिलीचं टोक मोडलं. पुढे त्या दोघांचं जे काही झालं ते त्या हसण्यातून झालं, आणि म्हणून खिंड म्हटली की त्याच्या डोळ्यांपुढे पाणी यायच्या आधी मोडलेलं टोक यायचं.

ती मोजणी विभागाची प्रमुख झाली, संस्था तिला मोजणीबाई म्हणू लागली, आणि दर वर्षी ती त्या डोंगरांवरून जहाज न्यायची परवानगी मागत राहिली. दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. जहाज दुरुस्तीला गेलेलं, नाही तर दुसऱ्या कामात अडकलेलं. या वर्षी मात्र संस्थेने ठरवलं की खिंडीत प्रवाह मोजायची उपकरणं सोडायची. तळाला वजन, वर तरंगणारे गोळे आणि मधल्या ताठ दोरावर ठिकठिकाणी उपकरणं. ती वर्षभर तिथे उभी राहून पाण्याचा वेग नोंदवणार होती. गणितात इतकी वर्षं धावणारं पाणी पहिल्यांदाच हाताला लागणार होतं. उपकरणं एकदा सोडली की सोडली, चुकीच्या जागी गेली तर दुसरी मिळायला पुन्हा तेवढीच वर्षं. म्हणून आधी तळ नीट मोजून या, असं सांगून मोजणीबाईंना पाठवलं होतं. त्या मोजून आल्या होत्या. उपकरणं नेमकी कुठे सोडायची ते आज जेवणाआधीच्या बैठकीत ठरणार होतं, आणि मोजून आलेली बाई काल करपलेली भाजी दुसऱ्यांदा वाढून घेत होती.

संस्थेच्या मागच्या अंगणात दोरवाले उभे होते. दोर, साखळ्या, गोळे हे सगळं त्यांच्या ताब्यात असायचं आणि नव्या नवरीच्या पाठराखिणीसारखे ते त्या दोरांना जपायचे. नव्या दोरांची भेंडोळी त्यांनी ओळीने मांडली होती. खिंड किती खोल आहे ते त्यांनी महिनाभरापूर्वी याच्याकडूनच विचारून घेतलं होतं आणि त्या मापाने दोर कापून, टोकांना कड्या बसवून ठेवल्या होत्या. "या खिंडवाले," ते म्हणाले, "तुमच्या खिंडीच्या लग्नाची तयारी झाली. आता ऐन वेळी मुहूर्त हलवू नका म्हणजे झालं." दोर एकदा कापला की कमी करता येतो, वाढवता येत नाही, आणि कमी केला तर कापलेल्या तुकड्याचं काय करायचं हे त्यांना कुणी सांगत नाही, असंही ते बरंच काही बोलले. त्याने एका भेंडोळ्यावर हात ठेवला. दोर उन्हाने कोमट झाला होता. आपल्या तोंडच्या एका आकड्याचं हे एवढं भेंडोळं झालं, आणि जर तो आकडा... पुढचा विचार त्याने केला नाही. पायाने मात्र केला. अंगणातून पायऱ्या चढताना तो कठड्याला धरून चढला.

तळाचा नवा नकाशा सकाळीच सगळ्यांसाठी खुला झाला होता. त्याने खोलीचं दार लावलं, खुर्ची पुढे ओढली आणि नकाशा उघडला. डोंगर एकच होता. त्याने पडदा सरकवून पाहिला, डावीकडे, उजवीकडे, जणू दुसरा कुठेतरी कडेला लपून बसला असावा. दुसरा नव्हता. दोन्ही जुन्या डोंगरांच्या मधोमध, जिथे त्याची खिंड होती, अगदी तिथे, त्या दोघांहून उंच आणि दोघांहून टोकदार असा एकच डोंगर उभा होता. काय झालं होतं ते समजायला त्याला वेळ लागला नाही, इतकं ते साधं होतं. जुनी जहाजं खाली आवाज सोडायची, तो तळाला आपटून परत यायला लागलेल्या वेळावरून खोली काढायची. खोली बरी निघायची. आपण आहोत कुठे, हेच त्यांना धड माहीत नसायचं. सूर्य-तारे दिसले तर ठीक, चार दिवस ढग असले की वेग आणि दिशा यांवरून अंदाज. दोन जहाजं वेगवेगळ्या वर्षी एकाच डोंगराच्या खांद्यावरून गेली होती आणि एकाने तो अलीकडे मांडला, दुसऱ्याने पलीकडे. नकाशा करणाऱ्याने प्रामाणिकपणे दोन्ही ठेवले, कारण कुणाला खोटं ठरवणार? पुढे उपग्रहांनी वरून समुद्राच्या पाठीचा फुगवटा बघून तळाचे अंदाज बांधले, तेव्हा त्यांना तिथे एकच मोठा, धूसर फुगवटा दिसला होता. पण तोवर जुळ्यांचं बारसं होऊन गेलं होतं. इतकं धूसर म्हटल्यावर ते दोनच असणार, असं सगळ्यांनी धरलं. निसर्गात जुळे असतात.

त्याला राग आला नाही याचं त्यालाच नवल वाटलं. प्रथम त्याला लाज वाटेलसं वाटलं, तीही बेतानेच आली. जे आलं ते त्या पायरीसारखं होतं. पोटात एक खड्डा, आणि खड्डा आहे म्हणेपर्यंत पायाखाली जमीन. मग मात्र त्याच्या डोक्यातला वकील जागा झाला. नव्या नकाशात चुका नसतात असं थोडंच आहे. आवाज पाण्यातून जाताना वाकतो. दुसरा डोंगर मोजणीच्या पट्ट्याबाहेर राहिला असेल. उपकरणं ठरल्या जागी सोडून तर बघू, मग काय ते कळेल. हे सगळं बैठकीत म्हणता आलं असतं. संचालक त्याच्या शब्दाला मान द्यायचे, दोरवाल्यांना दोर पुन्हा कापायचा नव्हता, आणि बायको चारचौघांत त्याला खोडून काढणार नाही हे कालच्या भाजीवरून दिसत होतं. सगळं जमून येत होतं आणि म्हणूनच त्याला ते आवडेना. आपण म्हणू तिथे दोर सोडतील आणि दोराचं वजन खिंडीच्या ऐवजी डोंगराच्या माथ्याजवळ टेकेल. उरलेला दोर गुंडाळत, वळवळत पाण्याच्या वर येईल आणि गोळे भर समुद्रात फुग्यांसारखे नाचत बसतील, ते चित्र त्याच्या डोळ्यांपुढे इतकं स्पष्ट उभं राहिलं की एकटा असून तो फिसकन हसला. वकील त्या हसण्याने ओशाळला आणि गेला.

बैठकीला वेळ होता. हात रिकामे होते. सवयीनेच म्हणा, त्याने नवा तळ आपल्या गणितात घातला आणि चहाला गेला. परत आला तेव्हा पडद्यावर लाल जीभ नव्हती. तिच्या जागी जे होतं ते बघायला तो उभाच राहिला, बसायचं विसरला. पाणी डोंगराशी येत होतं आणि फुटत होतं. एका कुशीला ते रेंगाळत होतं, दुसऱ्या कुशीला भरधाव निघत होतं. आणि माथ्यावर, डोंगराच्या बरोबर वर, पाण्याचा एक गोल तुकडा बाकीच्या समुद्रापासून सुटून आपल्याआपल्यातच हळूहळू फिरत होता, टक्कल पडलेल्या माणसाने टोपी घालावी तसा. पुस्तकात त्याने अशा टोप्या वाचल्या होत्या. आपल्या डोंगराला टोपी असेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं, कारण त्याच्याकडे डोंगर दोन होते आणि दोघांच्या डोक्याला मिळून ती बसली नसती. मग त्याला एक खोडी सुचली. बायकोने जिवापाड मेहनतीने मोजलेला तळ त्याने मुद्दाम थोडा पुसट केला, कडा बोथट केल्या, आणि पुन्हा गणित चालवलं. टोपी विरळ झाली. आणखी पुसट केला, टोपी विस्कटली. जुन्या नकाशाइतका पुसट केला तेव्हा पाणी डोंगरावरून एखाद्या उशीवरून जावं तसं सरळ निघून गेलं, मागे काही न ठेवता. म्हणजे पाणी तेच, गणित तेच. तळ किती नीट बघितलाय एवढ्यावरच सगळं होतं. आपण इतकी वर्षं पाण्याचा अभ्यास करत होतो आणि खरं म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी ढगाळ आठवड्याचा अभ्यास करत होतो. हेही त्याला हसूच आणून गेलं. पोरवयात पावसाने साचलेल्या डबक्यात काडी बुडवून बसायचा तसा तो पडद्यासमोर बसला होता, टोपी घालत आणि काढत.

त्याच नादात त्याला दिसलं की डोंगराची एक बाजू फार गुळगुळीत आहे. निसर्ग इतका गुळगुळीत नसतो, गुळगुळीत फक्त अंदाज असतो. वारा वाढल्यामुळे जहाजाला मोजणी अर्धी सोडून निघावं लागलं होतं आणि तेवढ्या बाजूला जुन्या अंदाजाचं ठिगळ लावलेलं होतं. भरधाव निघणारं पाणी नेमकं त्या ठिगळावरून जात होतं. त्याने तिथला उतार जरा चढा केला, पाण्याचा वेग वाढला. जरा सपाट केला, वेग निम्म्यावर आला. माथ्यावरच्या टोपीबद्दल आता तो छातीठोकपणे बोलू शकत होता, त्या कुशीबद्दल अजिबात नाही. उपकरणं मात्र तिथेच सोडायला हवी होती.

बैठकीच्या खोलीत बायको समोर बसली होती. सकाळी तो निघाला तेव्हा ती झोपेत होती, त्यामुळे आज ती पहिल्यांदा दिसत होती ती टेबलाच्या पलीकडे. तिने नकाशा भिंतीवर लावला, काठीने डोंगर दाखवला आणि खाली बसली. एरवी मोजणीबाई बोलायला लागल्या की संचालकांना घड्याळाकडे बघावं लागायचं. आज एक शब्द नाही. ओठ घट्ट मिटलेले. तिचं ते गप्प बसणं बघून त्याला भरून आलं. आपल्या तोंडाने नवऱ्याची खिंड मोडायला नको, म्हणून ही गप्प आहे, असं त्याला वाटलं. दोरवाले भिंतीकडे टक लावून बघत होते आणि त्यांना अजून पत्ता लागला नव्हता. संचालकांना लागला होता. ते पेनचं टोपण काढत-घालत सौम्यपणे म्हणाले की आधी खिंडवाल्यांचं ऐकू.

"खिंड नाही," तो म्हणाला. "नव्हतीच. डोंगर एकच आहे, आपण तो दोनदा मोजला."

मग दोरवाल्यांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की कागद हलले. संचालक म्हणाले, इतकी वर्षं खिंड लढवलीत की हो तुम्ही. तो म्हणाला, लढवली, पण समोरून कुणी आलं नाही तेव्हाच शंका यायला हवी होती. सगळे हसले आणि त्या हसण्यावर स्वार होऊन तो बोलतच सुटला. त्याने टोपी दाखवली, ती पुसट होते ती दाखवली, तळ जितका नीट तितका प्रवाह खरा, हे त्याने असं सांगितलं की दोरवालेसुद्धा पुढे सरकून बसले. आणि शेवटी त्याने त्या ठिगळावर बोट ठेवलं. ही बाजू मोजल्याशिवाय एकही उपकरण पाण्यात सोडू नका, असं तो म्हणाला. संचालकांनी मोजणीबाईंकडे पाहिलं आणि विचारलं की होईल का? तिने मान हलवली. कधी? "पुधच्या महिन्यात," ती ओठांच्या कोपऱ्यातून, जरा विचित्रच आवाजात म्हणाली. संचालक घोटाळले, जहाजाची माणसं नुकती परतलीत म्हणाले, थोडं थांबलं तर चालणार नाही का? तो म्हणाला, मुळीच चालणार नाही. वाऱ्याचे दिवस सुरू झाले की वर्ष गेलं. पुढच्याच महिन्यात, आणि मोजणीबाईंनाच पाठवा, बाकी कुणाला त्या उताराची ओळख नाही. बायको त्याच्याकडे एकटक बघत होती. तिचे डोळे चमकत होते. असं तिने आपल्याकडे कधी पाहिलं होतं ते तो आठवू लागला आणि त्याला मोडलेलं पेन्सिलीचं टोक आठवलं. ठराव झाला. बाहेर पडताना दोरवाल्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि उरलेल्या दोरावर तुमच्या बाल्कनीत कपडे वाळत घाला म्हणाले.

संध्याकाळी दोघं बरोबर निघाली. चपला पायात होत्या, म्हणजे समुद्रावर बोलायला मुभा होती, पण ती हूं-हूं करण्यापलीकडे गेली नाही. तो एकटाच बोलत होता. त्याला हलकं वाटत होतं. खिंड गेली तर आपण कोण, असा प्रश्न पडेल म्हणून तो दिवसभर वाट बघत होता आणि प्रश्न काही आला नाही. नसलेल्या खिंडीच्या काठावर त्या दोघांची भेट झाली होती. खिंड गेली, भेट जागच्या जागी होती. त्या जहाजांवर चार दिवस ढग आले नसते, तर तो कागद घेऊन मोजणी विभागात धावला कशाला असता? चांभार सामान आवरत होता, बेकरीतून ऊन ऊन वास येत होता. घराच्या दाराशी, मावशींच्या रिकाम्या खुर्चीजवळ, त्याने तिला थांबवलं. नियमाची हद्द वरच्या उंबऱ्याशी सुरू व्हायची. त्याने सांगितलं की काल ती इतकी गोड वागली तेव्हाच त्याने ओळखलं होतं, आणि आज बैठकीत त्याच्यासाठी ती तोंड मिटून बसली, हे तो विसरणार नाही.

मग तिने जीभ बाहेर काढून दाखवली. टोकाशी लालभडक चावा होता.

"सकाळी इथे आपटले," ती शब्द जपून टाकत म्हणाली. "कुणी पायरी काढली ते कळलंच नाही. बोलू कशी? आणि खिंडीचं मला कशाला वाईट वाटेल? मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, जुळे आहेत का म्हणून."

मग काल ती भाजी, ती खिडकीकडची बाजू? त्याने विचारलं. तिने नजर वळवली. कप्तानाला ती शब्द देऊनच उतरली होती, पुढच्या महिन्यात अर्धा राहिलेला डोंगर पुरा करायला येते म्हणून. पण तळ्याकाठच्या घराचं तो इतक्या हौसेने सांगायला लागला की तिच्या जिवावर आलं. रात्रभर कसं सांगावं याची जुळवाजुळव करत होती. "आणि तू," ती म्हणाली, "भर बैठकीत उभा राहून मला आपल्या हाताने बोटीवर बसवून दिलंस. मुळीच थांबू नका म्हणालास. मोजणीबाईंनाच म्हणालास."

करपलेली भाजी खरी होती, गेलेली खिंड खरी होती, आणि त्या दोन खऱ्या ठिकाणांच्या मध्ये त्याने अख्खा दिवस एक मुलूख रंगवला होता. त्या मुलखात बायको त्याच्यासाठी गप्प होती आणि तिचे डोळे त्याचं धैर्य बघून चमकत होते. तळ्याकाठची खिडकी त्याला दिसली, तिच्यात कुणीच बसलेलं नव्हतं. मग त्याला पडद्यावरचं ते ठिगळ दिसलं, आणि ते मोजून आल्यावर त्यावरून पाणी कसं जाईल हे बघायची इतकी घाई झाली की पोटातून हसू फुटलं. तिलाही फुटलं. हसताना जीभ दुखते म्हणून ती तोंडावर हात धरून हसत होती आणि त्यामुळे आणखीच हसत होती. मावशींनी दार किलकिलं करून विचारलं की आता काय पडलं? काही नाही, ती म्हणाली, आमचं घर तळ्याकाठचं होतं ते समुद्राकाठी हललं. ती त्याला म्हणाली की जाण्याआधी किटली घासून जाईन, बूड किती काळं करून ठेवलंयस, आणि तो टॉवेल तर बाहेर फेकून दे. त्याने तिच्या खांद्यावरची पिशवी घेतली, तिने त्याचा दंड धरला. एकमेकांच्या तोंडाकडे बघत, पायरी गेली आहे हे दोघांनाही पक्कं ठाऊक असून, दोघांनी ती चढायला एकदमच पाय उचलला.